थेंब थांबेपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार

देवा, आजपासून जे लिहीन ते तुला सांगते आहे असं समजून लिहीन, म्हणजे खोटं लिहायला हात धजणार नाही. वही नवी आणलेली नाही. वर्कशॉपच्या जुन्या चलनाची पुस्तकं माळ्यावर पडून आहेत, त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. कागदाला दोन बाजू तूच दिल्यास, मग एक वाया का घालवायची?

सकाळी एक माणूस लिफाफा देऊन गेला. ह्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, "काही नाही, नेहमीचंच" म्हणाले आणि टेबलाच्या खणात, तळाला अंथरलेल्या कागदाखाली सरकवला. नेहमीचं असतं तर कागदाखाली कशाला गेलं असतं? सोमवारी मी खण पुसते. आज सोमवार होता. त्यामुळे वाचलं, यात चोरी नाही.

आमचं निकेल प्लेटिंगचं वर्कशॉप आहे. पितळी नळ, दाराच्या कड्या, कपाटांच्या मुठी येतात, गरम हिरव्या पाण्याच्या टाकीत बुडतात आणि चांदीसारख्या होऊन बाहेर पडतात. सासऱ्यांनी सुरू केलं, हे चालवतात. पुढे घर, मागे वर्कशॉप, मधे अंगणाचा एक तुकडा. टाकीतून काढलेला माल टबात धुतात, ते पाणी मागच्या हौदात जातं, हौद भरला की गटारात. लग्न होऊन आल्यापासून बघते आहे, हिरवं पाणी. त्यात काही वावगं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

नोटिशीत म्हटलंय, गटारात सोडलेल्या पाण्यात निकेल मर्यादेच्या अकरा पट आहे. साठ दिवसांत, म्हणजे ४ एप्रिलपर्यंत, सुधारलं नाही तर वीज तोडून काम बंद करू.

सात कारागीर आहेत. सात घरं आणि आमचं आठवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारचा पॉलिशवाला चहाला आला होता. ह्यांनी शेवटी त्याला नोटीस दाखवली. मला नाही, त्याला.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "तपासायला आले की मागचा मोठा नळ सोडायचा. अर्धं पाणी आपलं, अर्धं नळाचं. कोण ओळखतंय?"

"आणि रोज?"

"रोज कशाला? ते रोज येतात का?"

हे हसले, पण चहा अर्धा तसाच ठेवला. चहा टाकणारा माणूस नाही हा. आतून सासूबाई म्हणाल्या, "स्वतःचं दुकान तीनदा बंद पाडलेल्या माणसाला बिस्किटं कशाला वाढतेस गं?" त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

दुपारी नोटीस पुन्हा काढली. मी कागद टाकण्याआधी दोन्ही बाजू वाचते, ती सवय कामी आली. मागे अगदी खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलंय: लहान उद्योगांना पर्यावरणाचे नियम पाळण्यासाठी मोफत मदत करणारं सल्लागार मंडळ, दर बुधवारी तीन ते पाच. पुढे पत्ता. मोफत हा शब्द मी दोनदा वाचला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शिंप्याकडे जाते म्हणून निघाले. देवा, गेलेसुद्धा. त्याच्या दुकानावरून.

मंडळाची खोली पालिकेच्या जुन्या इमारतीत, जन्ममृत्यू नोंदणीच्या शेजारी आहे. आधी चुकून त्याच रांगेत उभी राहिले. कारकुनाने विचारलं, "जन्म की मृत्यू?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय." त्याने शेजारचं दार दाखवलं. बहुतेक माझ्यासारखे बरेच येत असावेत.

आत दोघं होते. एक इंजिनीयर बाई, चाळिशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. दुसरे रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, बाई त्यांना सर म्हणतात, तर मीही सर म्हटलं. मी आधी मनातलं विचारून टाकलं. "आम्ही जे सांगू ते तुम्ही वर कळवता का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नोटीस काढणारे वेगळे, आम्ही वेगळे. आम्ही वर्कशॉपमध्ये जे पाहतो ते आमच्याकडेच राहतं. तसा नियम आहे. नाही तर दार कोण उघडेल?"

अठ्ठावीस प्रश्नांचा अर्ज दिला. दिवसाला पाणी किती, टाक्या किती, धुण्याचे टब किती, ते कितीदा रिकामे होतात. पाण्याचं मला तोंडपाठ. पंचवीस उत्तरं तिथेच लिहिली. सर चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही तिथे काय काम करता?"

"मी? काही नाही. मी घरी असते."

खाली मालकाची सही हवी. म्हणजे ह्यांना सांगणं आलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

"पोलिसाच्या घरी जाऊन चोराचा पत्ता देऊन आलीस!" हे एवढे कधी ओरडत नाहीत. "बाबांनी तीस वर्षं केलं, मी बावीस करतोय, आणि आता कुठली तरी बाई येऊन मला टाकी शिकवणार?"

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाबांना खोकला कसला होता हे डॉक्टरला विचारू नका म्हणून तेही असंच ओरडायचे. विचारलं नाही आम्ही. तू सही कर."

शेवटी ह्यांनी पेन मागितलं. मग सही केली. पेन कागदात इतकं दाबलं की अक्षरं पाठीमागून हाताला लागतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या मंडळ येणार. आज दिवसभर हे माल पोचवायला बाहेरगावी होते, म्हणून म्हटलं आपण तयारी करून ठेवू. अंगण धुतलं, टबांच्या कडा घासल्या, आणि मागे जाऊन हौदाचं झाकण उघडलं. देवा! तळाला गुडघाभर हिरवा गाळ. वर्कशॉपमधले जुने कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, "वहिनी, हा हौद कुणी कधी धुतला नाही."

"तेच तर दिसतंय मामा," मी म्हटलं. "आणि उद्या शिकलेली माणसं येणार."

मामा काही तरी बोलणार होते, पण त्यांना टाकीवरून हाक आली.

पदर खोचला. एकटीने अकराला सुरुवात केली, मधे एक ते दीड सासूबाईंना जेवायला वाढून आले, तीनला संपवलं. एकशे शेहेचाळीस बादल्या गाळ आणि पाणी, सगळं गटारात. नंतर खराट्याने तळ घासला. सिमेंट करडं आहे हे या घरात आज पहिल्यांदा कळलं. कंबर गेली, नखं हिरवी झाली, पण हौदात आता तोंड दिसतं. निदान आमच्या घराला कुणी गलिच्छ तरी म्हणणार नाही.

हे घरी आले तेव्हा अंधार पडला होता. सांगितलं नाही. उद्या त्यांनाही बघून बरं वाटेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय माणसं म्हणावी!

बाई आणि सर दहाला आले. टाक्या पाहिल्या, टब पाहिले, मामांना माल धुताना पाहिलं. मग हौदापाशी गेले. मी झाकण काढलं. वाटलं होतं, आता म्हणतील, वा! बाई वाकल्या आणि तशाच राहिल्या. सरांनी बाटलीत पाणी घेतलं, उजेडात धरलं, आणि हळूच विचारलं, "गाळ कुठे गेला?"

ह्यांनी हौदात पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदरात घेतले, कारण नखं काही साबणाने गेली नव्हती. आणि हे काय म्हणाले असतील? "मी काढून टाकला. काल. गटारात."

देवा, मी बघतच राहिले. पाठ मोडली ती माझी, आणि मिरवायला हे पुढे! काल तर गावातही नव्हते. शाबासकी मिळाली नाहीच म्हणा. बाईंनी तोंड घट्ट मिटलं, म्हणाल्या, "असं करायला नको होतं." सरांनी चहा घेतला, पण बाईंनी नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "माझं नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" हे म्हणाले, "तू हौदाचा विषय कुणाकडेही काढायचा नाही. समजलं?" आणि जेवायला न बसताच वर्कशॉपमध्ये गेले.

बायकोच्या कामाचं श्रेय घेण्याइतका हा माणूस हलका नव्हता. नोटिशीने डोकं फिरलंय, दुसरं काय?

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी नोटीस. गल्लीच्या टोकाला गटारात पालिकेचं एक यंत्र बसवलेलं आहे, दर अर्ध्या तासाला ते आपोआप बाटलीभर पाणी घेऊन ठेवतं. १९ तारखेच्या बाटल्यांत निकेल मर्यादेच्या शंभर पटींवर गेलं. ५ मार्चला सुनावणी. साठ दिवसांची मुदत रद्द करून वर्कशॉप ताबडतोब का बंद करू नये, ते सांगा.

मामा दारात उभे होते. मी विचारलं, "मामा, गाळ म्हणजे नुसती घाणच ना?"

ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, गाळ म्हणजेच निकेल. वर्षानुवर्षं तळाला बसलेलं. तळाला होतं तोवर निम्मं तरी आपल्याकडे होतं."

मी पायरीवरच बसले. पाहुण्यांसाठी घर झाडलं आणि सगळं विष गल्लीत नेऊन ओतलं. स्वतःच्या हाताने, मोजून एकशे शेहेचाळीस वेळा.

आणि त्या दिवशी हे म्हणाले होते, मी टाकला.

देवा, मी ह्यांना हलकं म्हटलं. वरच्या पानावर लिहिलंय तसंच राहू दे. खोडणार नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना म्हटलं, सुनावणीत मी खरं सांगते.

"गप्प बस. मी एकदा बोललोय ते बोललोय."

"पण खोटं बोललात."

"कचेरीत उभं राहून सगळ्यांची बोलणी तू ऐकायचीस, आणि मी शेजारी बसून बघायचं? ते मला जमणार नाही."

पुरुषांचा मान कुठे अडकून बसेल सांगता येत नाही.

दुपारी मंडळात गेले. यावेळी सांगून गेले, "मंडळात जाते." बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी तिथे काय पाहिलं ते मला साहेबांपुढे सांगता येणार नाही. नियम आहे. तुमच्या बाजूने असलं तरी नाही." मग पेनशी चाळा करत म्हणाल्या, "पण बावीस वर्षं निकेल हाताळणाऱ्याने गाळ सोडला तर तो पुरावा लपवण्यासाठी सोडला असं धरतात. त्याला मुदत मिळत नाही. ज्याला गाळ म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याचं वेगळं."

म्हणजे मला वाचवायला गेलेला माणूस वर्कशॉप बुडवणार. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघू."

५ मार्च, बुधवार

सगळं आठवतं तसं लिहिते.

लांबट खोली, लांबट टेबल. टोकाला मोठे साहेब, शेजारी कारकून. भिंतीशी बाई आणि सर. हे मधल्या खुर्चीत, मी मागे.

साहेबांनी विचारलं, "किती वर्षं निकेल हाताळता?"

"बावीस."

"हौदातला गाळ काय असतो, माहीत होतं?"

"होतं."

"तरी गटारात सोडलात?"

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्या टोपणाचा आवाज ऐकला आणि मी उठले. खुर्ची एवढ्या जोरात करकरली की सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"साहेब, हौद ह्यांनी नाही धुतला. मी धुतला."

"आपण कोण?"

"ह्यांची बायको."

"अगं, खाली बस," हे म्हणाले.

"बसते. सांगून झालं की बसते."

साहेब म्हणाले, "का धुतलात?"

"पाहुणे यायचे होते."

"कोण पाहुणे?"

मी भिंतीकडे बोट केलं. "हे दोघं."

कारकून हसला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

"बाई," साहेब मला म्हणाले, आवाज वाईट नव्हता, "नवऱ्याला वाचवायला बायका या खोलीत काय काय सांगतात. आठवड्यातून दोनदा ऐकतो मी."

मला राग आला. देवा, तुझ्यासमोर कबूल करते, साहेबाचा राग आला. "ह्यांना विचारा किती बादल्या निघाल्या. नाही सांगता येणार. त्या दिवशी हे माल पोचवायला परगावी होते. एकशे शेहेचाळीस. मी सगळं मोजते, सवयच आहे. अकराला सुरू केलं, तीनला संपवलं. मधे एक ते दीड सासूबाईंना वाढायला घरी होते, तेव्हा एक थेंब सोडला नाही."

साहेबांनी कागद उलटले. एका तक्त्यावर बोट ठेवून खाली खाली नेलं आणि मधेच थांबवलं. तो तक्ता त्यांनी कुणाला दाखवला नव्हता. "साडेअकराची बाटली वर. बारा, साडेबारा, एक, वर. दीडची बाटली…" ते थांबले. "दीडची जवळजवळ साधी आहे. दोनला पुन्हा वर." मग माझ्याकडे बघून विचारलं, "जेवायला अर्धा तास लागतो?"

"सासूबाईंना दात नाहीत, साहेब."

आता कारकुनाला हसू आवरेना, आणि साहेबांनाही.

निकाल असा: हेतू दिसत नाही. काम बंद नाही. मुदत तीच, ४ एप्रिल, एक दिवस जास्त नाही. गल्लीच्या गटारातला गाळ आम्ही स्वतः, मंडळाच्या देखरेखीखाली, पोत्यांत भरून सरकारमान्य गाडीतून पाठवायचा.

परत येताना चौकात ह्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. तिच्यात काहीच नव्हतं. एवढी हलकी पिशवी घेऊन काय मिळालं त्यांना कोण जाणे.

१० मार्च, सोमवार

चार दिवस गटारातून गाळ काढणं चाललं होतं. मी हातमोजे घालून सगळ्यांत पुढे. कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून बघत होत्या. बघू देत.

आज बाई आणि सर सुधारणेचं काम समजवायला आले. आम्ही धुण्याला एकच टब वापरतो, नळ सतत चालू. बाई म्हणाल्या, तीन टब ठेवा. स्वच्छ पाणी शेवटच्या टबात सोडायचं, शेवटच्यातलं मधल्यात येईल, मधल्यातलं पहिल्यात. माल मात्र पहिल्यापासून शेवटच्याकडे जाईल. पहिल्या टबात जे घट्ट हिरवं पाणी जमेल ते परत निकेलच्या टाकीत. टाकी गरम असते, पाणी उडून जातंच, तिची तूट त्याने भरेल.

"म्हणजे शेवटच्या बादलीतलं पाणी उद्याच्या पहिल्या बादलीला," मी म्हटलं. "मी कपडे तसेच खळबळते."

सर मला म्हणाले, "हे शिकवायला मला वर्गात दोन तास लागायचे."

मग मुख्य गोष्ट. माल टांगलेला रॅक टाकीतून वर काढला की लगेच टबात घालायचा नाही. टाकीवरच धरून ठेवायचा, थेंब थांबेपर्यंत. वीस सेकंद. जे टाकीत ठिबकलं ते गटारात जाणार नाही.

मामांनी रॅक उचलला, एकदा झटकला, टबात. "झाले वीस," म्हणाले.

"मामा, तीन झाले," बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

१३ मार्च, गुरुवार

वीस सेकंद धरून ठेवणं म्हणजे कारागिरांना वीस वर्षं वाटतात. भिंतीवर घड्याळ लावलं, तर त्याच्याकडे बघण्याच्या नादात एकाने रॅकच टाकीत सोडला.

मी सकाळी जप करत होते, तेव्हा सहज घड्याळाकडे पाहिलं. सावकाश अकरा वेळा नाव घेतलं की वीस सेकंद होतात. वर्कशॉपमध्ये जाऊन सांगितलं. ज्याचा त्याचा देव, पण अकरा वेळा, आणि घाई नाही.

मामा हरखले. दोघं प्रार्थना पुटपुटायला लागले, एक जण मोठ्याने. राहिला तो नळाच्या कामावरचा, त्याला सगळे नास्तिक म्हणतात. तो म्हणाला, "वहिनी, माझा देवावर विश्वास नाही."

"मग सासरच्या माणसांची नावं घे," मामा म्हणाले. "अकरा सहज भरतील."

"सासरी बावीस आहेत."

"मग निम्मीच घे. बाकीची दुसऱ्या रॅकला."

बाई घड्याळ लावून बसल्या. मामांचे एकवीस सेकंद, प्रार्थनावाल्यांचे एकोणीस, नास्तिकाचे तेवीस. सासऱ्यांच्या नावाशी तो अडखळतो.

तुझं नाव असं कामाला जुंपलं म्हणून रागावू नकोस, देवा. मला तर वाटतं, इतकं मन लावून या वर्कशॉपमध्ये तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

सरांनी मधली तपासणी केली. मर्यादा तीन. आमचं आलं सहा.

नोटिशीच्या वेळी तेहेतीस होतं, म्हणजे किती उतरलं, असं सर म्हणाले. पण कायद्याला किती उतरलं याच्याशी काय करायचंय? पंधरा दिवस राहिले. हे मामा रॅक कसा उचलतात ते बघत उभे राहिले. बाईसुद्धा बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दाराच्या कड्यांचं पाणी निथळतं. नळांचं निथळत नाही. का?"

ह्यांनी मान फिरवली आणि बाहेर निघून गेले. एवढ्या मोठ्या माणसांना उत्तर न देता!

मी आज रागात आहे. आम्ही सगळे मरमर करतोय आणि मालक रुसून बसलेत.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस हे दुपारभर माळ्याखालच्या बाकावर एकटे बसून तारा वाकवत होते. मी चहा ठेवून यायचे, बोलायचे नाही.

आज कळलं. सासऱ्यांनी नळ टांगायला हुक केले होते, त्यांच्या हाताचे, बावन्न वर्षांचे. त्यांत नळ तोंड वर करून बसतो. म्हणजे प्रत्येक नळ पेला भरून हिरवं पाणी बरोबर घेऊन येतो, अकराऐवजी एकशे अकरा वेळा नाव घ्या, ते सांडणार नाही. ह्यांनी नवे हुक केले, नळ तोंड खाली आणि जरा तिरका. धुतलेली वाटी आपण उपडी घालतो, तसा. मामांच्या हाती दिले. मामांनी रॅक उचलला आणि सगळ्या नळांतून एकदम पाण्याच्या धारा टाकीत पडल्या. सगळे बघत राहिले. एवढं पाणी आम्ही आजवर फुकट गटाराला देत होतो.

मी म्हटलं, "परवा बाईंनी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "बाबांचे हुक होते."

एवढंच. जुने हुक त्यांनी फडक्यात गुंडाळून सासूबाईंकडे दिले. सासूबाईंनी ते उशाखाली ठेवलेत. टोचतील म्हटलं तर म्हणाल्या, "टोचू दे. त्यांच्या हातचंच टोचतंय."

४ एप्रिल, शुक्रवार

सरकारी माणूस येऊन बाटल्या भरून घेऊन गेला. पॉलिशवाला भिंतीवरून डोकावून ह्यांना खूण करत होता, मोठा नळ सोड म्हणून. ह्यांनी त्याच्या देखत नळाचं चाक काढलं आणि खिशात घातलं.

निकाल आठवड्याने. देवा, मी काही मागणार नाही. मागायला लागले तर यादी लांबत जाते. नुसतं लक्ष असू दे.

११ एप्रिल, शुक्रवार

पत्र अकराच्या सुमाराला आलं. ह्यांनी ते फोडायला सासूबाईंच्या हाती दिलं, सासूबाईंनी माझ्या. "चष्मा नाही," दोघंही म्हणाले. ह्यांना चष्मा लागतच नाही.

मी वर्कशॉपच्या दारात उभी राहून वाचलं. निकेल: दोन पूर्णांक सहा. मर्यादा: तीन. काम चालू ठेवण्यास हरकत नाही. पुढील तपासणी तीन महिन्यांनी.

कुणी ओरडलं नाही. चार रॅक टाकीवर होते, थेंब पडत होते, आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. मी धास्तावले, ऐकलं की नाही? मग एकेक रॅक टबात गेला. शेवटचा नास्तिकाचा. आणि मग जो आरडाओरडा झाला तो ऐकून पॉलिशवाला पळत आला, त्याला वाटलं कुणाला शॉक बसला.

हे त्याला म्हणाले, "बुधवारी मंडळात जाऊन ये. हिला विचार कुठे आहे ते."

पत्रासोबत एक अर्ज होता. प्रत्येक वर्कशॉपने पाण्याची जबाबदारी असलेली एक व्यक्ती नेमायची, तिचं नाव दारावर लावायचं, पुढे काही चुकलं तर आधी तिला विचारणार. जेवणानंतर पाहिलं तर ह्यांनी तो भरून ठेवला होता. माझं पूर्ण नाव, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, सुबक अक्षरात. लग्नाच्या पत्रिकेनंतर ते असं लिहिलेलं मी आजच पाहिलं.

"अहो, मी मॅट्रिक. रसायनात पस्तीस मार्क."

"ठाऊक आहे."

"काही चुकलं तर मला धरतील."

"म्हणून तर," हे म्हणाले. "माझं नाव लिहिलं तर मी काय करतो ते बघितलंयस ना तू? तू सरळ उभी राहून सांगशील."

सासूबाई म्हणाल्या, "पोलीस आले तर हिला नेतील. मग मला भात कोण वाढणार?"

"मी वाढेन, आई."

"तू वाढलास तर मीच जाते पोलिसांबरोबर."

भीती वाटते, हे तुझ्यापासून काय लपवू? दोन पूर्णांक सहा म्हणजे काठावर आहे. एखादा रॅक घाईत गेला, एखादा नवा माणूस आला, तर तीनच्या वर जायला वेळ लागणार नाही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पुढच्या खेपेला दोनवर आणू. आणू म्हणाल्या, आणा नाही म्हणाल्या.

सही केली. मग वरून खाली अर्ज नीट वाचला, मागची बाजूसुद्धा. एका रकान्यात विचारलं होतं, व्यवसाय. ह्यांनी लिहिलं होतं, गृहिणी. खोटं नाही. पण ते पुरतं खरंही वाटेना. खोडाखोड केलेला अर्ज चालत नाही, म्हणून खोडलं नाही. शेजारी थोडी जागा होती, तिथे माझ्या अक्षरात लिहिलं, "व पाणी".